पाठमोरे सर

शाळेत तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत आणि पाठीमागे भोंगा. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. सरांनी मैदानाच्या टोकाला उभं राहून "गुडघे वाऽऽक!" असा हुकूम सोडला की तिसऱ्या मजल्यावर भूगोलाच्या तासाला बसलेली पोरंसुद्धा बाकाखाली गुडघे वाकवत. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आवाज कमी करण्याबद्दल त्यांना दोनदा लेखी सांगितलं होतं आणि तोंडी किती वेळा ते विचारूच नका. सर नम्रपणे "हो बाई" म्हणत, आणि ते "हो बाई"सुद्धा बाहेर रांगेत उभ्या असलेल्या पालकांना स्पष्ट ऐकू जाई.

गेली बावीस वर्षं सर या शाळेत खेळ शिकवत होते आणि मुलींचा बास्केटबॉलचा संघ चालवत होते. चालवत होते म्हणजे अक्षरशः. सामना सुरू झाला की सर रेषेबाहेर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. "डावीकडे! अगं तुझं डावं, माझं नव्हे! दे, दे, दे! आता मागे! शिडी, हात वर! गोटी, झोपलीस का?" शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी आणि गोटी सगळ्यात बुटकी. ही नावं मात्र खुद्द सरांनीच ठेवलेली होती.

डावपेच सगळे सरांचे. एका जाड वहीत लाल-निळ्या शाईने आखलेले, बाणांसकट, पानांना आकडे घातलेले. डोकं सरांचं आणि पाय मुलींचे, अशी सरळ वाटणी होती, आणि ती कुणाला खटकतही नव्हती. खोटं कशाला बोला, संघ बरा खेळायचा. पहिला-दुसरा नंबर कधी आला नाही, पण चौथ्याच्या खालीही कधी गेला नाही.

आणि एका सोमवारी आवाजच गेला. आठ-दहा दिवस घोगरा झाला होताच, पण सरांनी कोमट पाणी पिऊन दामटलं. त्या दिवशी कवायतीला "सावधान" म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. सातशे पोरं विश्रामच्या अवस्थेत पाय फाकवून उभी ती उभीच. शेवटी मोठ्या बाईंनी स्वतः "वर्गात जा" म्हणून सांगितलं तेव्हा सुटली.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं. "स्वरतंतूंवर गाठी आहेत. ओरडून ओरडून होतात. कापाकापी नको, पण सहा आठवडे तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

सरांनी टेबलावरचा कागद ओढून लिहिलं : चार आठवड्यांनी स्पर्धा आहे.

"मग बघा की स्पर्धा. बघायला घसा लागत नाही."

ओरडलो तर? सरांनी पुन्हा लिहिलं.

"तर मग जन्मभर असंच लिहून बोलायचं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

जिना उतरताना सरांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. गणिताच्या बाईंकडे गणित असतं, चित्रकलेच्या सरांकडे चित्रं असतात. आपल्याकडे काय आहे? आवाज. तोच गेला, तर बावीस वर्षं आपण त्या मैदानावर नक्की काय करत होतो, हे सांगायला तरी काय उरलं?

घरी बायकोने सगळं ऐकून, म्हणजे वाचून घेतलं. ती वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात होती. दिवसभर कानाला फोन लावून ती चिडलेल्या लोकांची समजूत काढत असे आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याचा भोंगा ऐकत असे. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ती म्हणाली, "अहो, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. पहिल्यांदाच माझं वाक्य पूर्ण होणार आहे."

सर तिच्याकडे डोळे वटारून बघत राहिले. दुसरं काय करणार!

पण हात टेकून बसणाऱ्यांतले ते नव्हतेच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चार रंगांचे चार मोठे रुमाल आणले. लाल म्हणजे डावीकडे, निळा म्हणजे उजवीकडे, हिरवा म्हणजे रिंगवर मार आणि पिवळा म्हणजे सगळ्यांनी मागे येऊन आपली रिंग सांभाळा. दोन आठवडे मुलींनी या रुमालांवर सराव केला, आणि काय सांगू, घड्याळासारखा चालला सगळा कारभार. आवाज गेला तरी हुकूम शाबूत आहे म्हणून सर मनातून खूश होते.

मग शेजारच्या शाळेशी सरावाचा एक सामना ठरला. त्यांचा हॉल बंदिस्त, पंखे वर कुठेतरी नावापुरते. सरांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. तेवढ्यात कॅप्टनने समोरच्या मुलीच्या हातातला चेंडू हिसकावला आणि ती सुसाट निघाली. समोर चिटपाखरू नव्हतं. ती रिंगखाली पोचली, आणि नेमक्या त्याच क्षणी सरांनी हाताला लागेल त्या रुमालाने कपाळ पुसलं.

रुमाल पिवळा होता.

कॅप्टनने रेषेकडे पाहिलं, चेंडूसकट गर्रकन वळली आणि जिवाच्या आकांताने आपल्याच रिंगकडे पळत सुटली. बाकीच्या चौघी तिच्याआधी तिथे पोचून हात पसरून उभ्या होत्या. पंचांनी शिट्टी फुंकली, कारण पुढे नेलेला चेंडू परत मागे आणता येत नाही. पण नियम सांगायचं सोडून तेही तोंडाचा आ करून बघत राहिले. प्रेक्षकांत बसलेली पोरं तर हसून हसून बाकांवर लोळली. सामना चाळीस-अकराने गेला.

नंतर त्या शाळेच्या प्रशिक्षक बाई सरांजवळ आल्या. वयाने सरांच्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. "सर, राग मानू नका हं. तुमच्या मुली पळतात छान. पण चेंडू हातात आला की रिंगकडे बघायच्या आधी त्या तुमच्याकडे का बघतात?"

सरांना राग आला. चांगलाच आला. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, तीन ओळी खरडल्या, वाचल्या, टरकन फाडल्या आणि नुसतीच मान हलवून निघाले.

परतीच्या बसमध्ये कॅप्टन त्यांच्या शेजारी येऊन बसली. ही मुलगी एरवी बोलायला कमी आणि उगाच रडणारी तर मुळीच नव्हे. बराच वेळ ती बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. "सर, समोर कुणीच नव्हतं हो. मला दिसत होतं."

मग परत का आलीस? सरांनी लिहिलं.

तिने वाचलं आणि ती सरांकडे अशी बघायला लागली, की हा काय प्रश्न झाला. "तुम्ही सांगितलंत ना," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. सर उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांना काहीही दिसत नव्हतं. त्या रात्री त्यांना जेवणही गेलं नाही. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी लिहून दिलं : मी त्यांना खेळायला शिकवलंच नाही. ऐकायला शिकवलं.

बायकोने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आमच्याकडे बघा, लोक फोन करतात की घरात अंधार झालाय. मला काय त्यांचं घर दिसतं? मी नव्या नव्या नोकरीत धडाधडा सांगत सुटायचे, हे बटण दाबा, ते खाली करा. निम्मे लोक भलतंच बटण दाबायचे. आता मी एवढंच विचारते, तुम्हाला समोर काय दिसतंय ते सांगा. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच सापडतं. मी आपली हं हं करत राहते." मग तिने त्यांचं ताट पुढे सरकवलं आणि आता मुकाट्याने जेवा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुली शाळेच्या हॉलमध्ये सरावाला आल्या, तर सरांनी कोठीतून एक लोखंडी खुर्ची ओढत आणली, रेषेबाहेर ठेवली आणि तीवर बसले. मैदानाकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे. रुमाल एकही नाही.

"सर रुसले काय गं?" गोटीने हळूच विचारलं.

कॅप्टन पुढून वळसा घालून आली, वाकून त्यांचा चेहरा पाहिला. "सर, तुम्हाला बरं वाटतंय ना?" सरांनी सोबत आणलेल्या पाटीवर काहीतरी लिहिलं आणि ती पाटी खुर्चीच्या पाठीला अडकवून दिली. पाटीवर होतं : इकडे बघून उपयोग नाही.

पहिला आठवडा कसा गेला ते सरांनाच माहीत. समोरच्या भिंतीवर आग विझवण्याच्या सूचना लावल्या होत्या, नऊ कलमं. ती त्यांना दोन दिवसांत पाठ झाली. पाठीमागे नुसता गोंधळ. चेंडू निसटायचा, कुणीतरी कुणावर तरी आदळायचं, मग भांडण. "तू का नाही आलीस?" "मला कुणी सांगितलं?" सर खुर्चीचे हात घट्ट धरून बसत. मान वळवायची नाही म्हणजे नाही. एकदा तर शिडी इतक्या जोरात पडली की ते ताडकन उठलेच. पण कॅप्टन म्हणाली, "सर, बसा, मी बघते," आणि ते पुन्हा बसले.

सराव संपला की ते वळत आणि एकच चिठ्ठी देत. रोज तीच : आज काय दिसलं? सुरुवातीला मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघत. मग एक म्हणाली, मी उजवीकडे गेले की माझ्यामागे दोघी येतात, म्हणजे डावीकडे कुणीतरी मोकळं असणार. दुसरी म्हणाली, शिडी उडी मारायच्या आधी जीभ बाहेर काढते, ते समोरच्यांना कळतं. शिडी चिडली, पण दुसऱ्या दिवसापासून तिने तोंड मिटून उडी मारायला सुरुवात केली. वीस-वीस मिनिटं या पोरी बोलत राहत. सर ऐकत, आणि त्यांना आतून लाज वाटे आणि गंमतही. बावीस वर्षांत त्यांनी आपल्या खेळाडूंचे आवाज ऐकलेच नव्हते. कसे ऐकणार? त्यांचाच चालू असायचा ना!

एके दिवशी गोटी म्हणाली, "सर, चेंडू मागताना आपण ओरडतो. मग समोरची पोर आवाजाकडे वळते. मी म्हणते, तिघींनी ओरडायचं आणि जिला खरंच हवाय तिने गप्प बसायचं. तुमच्यासारखं." सरांना इतकं हसू आलं की त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. हसण्याबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं, पण नको ती जोखीम.

स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्या खुर्चीवरून मोठा गहजब झाला. एका मुलीची आई मोठ्या बाईंकडे तक्रार घेऊन गेली, की सर सामन्यात भिंतीकडे तोंड करून बसतात, हे कसलं शिकवणं? मोठ्या बाई जातीने सामन्याला आल्या, सरांच्या पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो सर, हे काय चाललंय?" सरांनी पाटीवर लिहिलं : ऐकतोय. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी मिनिटभर तशाच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागून बुटांचे आवाज येत होते, तीन मुली "मला, मला" म्हणून कोकलत होत्या, आणि मग जाळीतून चेंडू सुटल्याचा आवाज आला. "बरं," म्हणाल्या आणि जाऊन मागच्या बाकावर बसल्या. संघ तो सामना जिंकला, त्याच्या पुढचाही जिंकला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठी विरल्या होत्या. "बोला आता. पण हळू. ओरडणं मात्र कायमचं बंद."

सर घरी येऊन जेवायला बसले आणि म्हणाले, "मीठ दे जरा."

बायकोच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. "सहा आठवड्यांनी पहिला शब्द बोललात, आणि तो काय, मीठ?" तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती मुद्दाम मोठ्याने हसली. मग मीठ देत म्हणाली, "मुलींना उद्या सांगणार ना?"

"नाही सांगणार."

"का हो?"

"माझा माझ्यावर भरवसा नाही," सर म्हणाले.

अंतिम सामना त्याच शेजारच्या शाळेशी होता, चाळीस-अकरावाल्या. त्यांच्या प्रशिक्षक बाई हुशार. मध्यंतरापर्यंत त्यांनी ओळखलं की या संघात जी गप्प असते तिलाच चेंडू मिळतो. मध्यंतरानंतर गप्प मुलीला दोघी दोघी येऊन चिकटायला लागल्या. आघाडी एकेका गुणाने वितळत गेली. सरांना दिसत काहीच नव्हतं, पण कानांना सगळं कळत होतं. त्यांच्या घशाशी शब्द येऊन थांबत होते, आणि ते शब्द आता खरोखरच बाहेर पडू शकत होते. सहा आठवडे त्यांना गप्प बसावं लागलं होतं. आज पहिल्यांदा गप्प बसणं त्यांच्या हातात होतं, आणि ते फार म्हणजे फार अवघड होतं.

शेवटची अकरा सेकंदं राहिली तेव्हा समोरच्यांनी बास्केट केलं. एकतीस-तीस. आपण एकाने मागे.

"सर, टाइम-आउट!" कॅप्टनचा आवाज आला. सरांनी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे वळून हातांनी खूण केली आणि उठले.

मुली गोळा झाल्या, पण सरांभोवती नव्हे. पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याभोवती, डोक्याला डोकी लावून. सर सवयीने तिकडे गेले, तर आत शिरायला जागाच नाही. नुसत्या घामेजलेल्या पाठी. ते बाहेर उभे राहिले.

"गप्प राहिलेलं त्यांना कळलंय."

"मग सगळ्याच गप्प राहू."

"आणि कॅप्टनने काय अंदाजाने फेकायचा?"

"मी गप्प राहते," गोटी म्हणाली. "कोपऱ्यात जाऊन एकदम गप्प. त्या माझ्यावर येतील. आणि शिडी खरंच मागेल. बोंबलून मागेल."

"आणि नाही आल्या तर?"

मग कॅप्टनने डोकं वर काढलं आणि सगळ्यांच्या खांद्यांवरून विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटतं?"

बावीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच कधी त्यांनी येऊ दिली नव्हती. वहीतलं सतरावं पान त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं, दोन लाल बाण, एक निळा. आवाज होता. वेळ होता. पण ते पान त्यांनी ज्या मुलींसाठी आखलं होतं, त्या या नव्हत्या. या मुलींना काय जमतं आणि काय नाही, याची त्यांना खरोखर कल्पना नव्हती, कारण गेले चार आठवडे ते आग विझवण्याच्या सूचना वाचत होते.

"मला नाही माहीत," सर म्हणाले.

सगळ्यांची तोंडं उघडी पडली. "सर! तुमचा आवाज!"

"आवाजाचं नंतर बघू. टाइम-आउटची वीस सेकंदं राहिलीत तुमच्याकडे. तुमचं तुम्ही ठरवा." इतक्या हळू आवाजात बोललेलं स्वतःचं वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकलं. मग त्यांनी जाऊन खुर्ची फिरवली आणि मैदानाकडे तोंड करून बसले.

गोटी कोपऱ्यात गेली आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली. दोघी धावत तिच्यावर आल्या. शिडी रिंगपासून चार पावलांवर उड्या मारत ओरडत होती, "मला दे! अगं मला दे!" आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. चेंडू हातात येताच कॅप्टनने रिंगकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, रेषेकडे पाहिलंच नाही. चेंडू गेला. शिडीने तोंड मिटून उडी मारली. चेंडू रिंगवर बसला, कडेकडेने फिरला, पुन्हा फिरला, आणि बाहेर पडला.

एकतीस-तीस. हरले.

सर उभे राहिले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते काही हरल्याचं नव्हतं. इतका देखणा डाव त्यांच्या त्या जाड वहीत एकाही पानावर नव्हता. त्या प्रशिक्षक बाईंनी येऊन हात मिळवला, "शेवटचा डाव जबरदस्त होता हो सर. कधी आखलात?"

"मी कुठला! त्यांनीच आखला, आत्ता, माझ्यासमोर," सर अभिमानाने म्हणाले.

मुली दोन मिनिटं गळ्यात गळे घालून रडल्या. तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागल्या. पास अर्धा सेकंद आधी हवा होता, नाही, शिडीने एक पाऊल पुढून मारायला हवा होता. शिडी डोळे पुसत म्हणत होती, पुढून मारते की, कोण नाही म्हणतंय. सर तिची समजूत घालायला निघाले होते, पण तिथे समजूत कुणाला हवी होती?

कॅप्टनने त्यांना पाहिलं. "सर, उद्या सकाळी सातला हॉल उघडाल?"

"अगं, उद्या सुट्टी आहे."

"म्हणूनच तर. तोच डाव परत करून बघायचाय." ती थांबली, तिने सरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आणि सर, शिडीसमोर अडवायला कुणीतरी उंच हवंय. तुम्ही उभे राहाल?"

सर पन्नाशीचे, डावा गुडघा जिना चढताना कुरकुरणारा. "मी?"

"हो. पण नुसते उभे राहू नका हं सर, खरंच अडवा."

"अडवतो," सर म्हणाले.